ब्रेकचा दिवा

१

गाडी मिळाली तेव्हा मी ताईच्या गळ्यात पडून रडले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मला शहाणी समजण्याची चूक कोणी करणार नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांच्या घरी जाऊन त्यांचे धरलेले गुडघे, आखडलेले खांदे, पक्षाघाताने लुळे पडलेले हातपाय पुन्हा कामाला लावते. वजनं, रबरी पट्टे, चेंडू असं बोचकं खांद्याला लावून कित्येक वर्षं बसने फिरले. दुसऱ्यांचे खांदे नीट करता करता माझाच खांदा कामातून गेला, असं मी गमतीने म्हणायचे. ताईला त्यात गंमत वाटायची नाही. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिनेच घातल्या, शाळेचा डबा तिनेच भरला. माझं लग्न जमलं नाही, आणि नंतर मी ते जमवायच्या फंदात पडले नाही, याचं दुःखही माझ्यापेक्षा तिलाच जास्त. त्यामुळे भावजींनी नवी गाडी घेतल्यावर पोर्चमधली जुनी तिने माझ्या हवाली केली, याचं कोणालाच नवल वाटलं नाही.

"मनापासून देतेय हं," ती म्हणाली. मी मान डोलावली, तर म्हणाली, "तूही मनापासून घे."

मी मनापासून घेतली.

गाडी म्हातारी, पण गुणी होती. खोड एकच, मागचे दिवे अगदी मिणमिणते. एका संध्याकाळी सिग्नलला थांबले, तर मागचा टेम्पो माझ्या बंपरला टेकता टेकता राहिला. चालक उतरून खिडकीशी आला आणि म्हणाला, "बाई, ब्रेक दाबलात की काजवा सोडलात?" त्याचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी गाडी इलेक्ट्रिशियनकडे नेली.

२

त्याला सगळे 'करंट' म्हणत. आडनाव कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. तोंड असं, की एकदा चालू झालं की गरम होऊन बंद पडेपर्यंत थांबत नसे. पिवळ्या बल्बांचं वय झालं, सगळीकडे एलईडी टाका, लांबूनच लोक वाट देतील, असं त्याने मला पटवलं.

टाकले, आणि कटकट सुरू झाली. इंडिकेटर विंचू चावल्यासारखे फडफडायला लागले. नवे बल्ब वीज फारच कमी पितात, त्यामुळे गाडीला वाटतं बल्ब उडालाय, असं त्याचं म्हणणं. त्याने इंडिकेटर लुकलुकवणारा रिले बदलला, फडफड थांबली. मग डावीकडचा ब्रेकचा दिवा लागेना. तो काढून उलटा बसवला, तर लागला. होल्डरमधला गंज पॉलिश पेपरने घासला. एवढं करूनही ब्रेकचे दोन्ही दिवे मधूनच थरथरत, आणि त्याचं मूळ काही सापडेना. जुना बल्ब आडदांड असतो, थोडं कमीजास्त झालं तरी मनावर घेत नाही, करंट सांगत होता. एलईडी मात्र सगळं चुगलीखोरासारखं दाखवून देतो.

शेवटी त्याने ड्रायव्हरच्या पायाजवळचं अस्तर सोडवलं आणि मला हाक मारली. आत एक वायर कापून दुसरीला जोडलेली होती. वरची काळी टेप वितळून चिकट झाली होती.

त्याने समजावून सांगितलं ते असं: या गाडीत ब्रेकच्या दिव्याला वीज थेट बॅटरीतून येते. चावी काढलेली असली तरी पेडल दाबलं की मागे लाल दिवा लागतो. कोणीतरी ती वायर तोडून चावीवर घेतली होती. म्हणजे गाडी बंद असताना कितीही ब्रेक दाबा, दिवा लागणार नाही. आता तो जोड सैल झाला होता, आणि थरथर तिथूनच येत होती.

"कोणाचं काम हे?" त्याने विचारलं.

भावजींचं असेल, मी म्हटलं, घरातल्या दुरुस्त्या तेच करतात.

"हात चांगला आहे त्यांचा. पण कशासाठी केलं, ते कळत नाही. बंद गाडीत ब्रेक दाबणार कोण?"

त्याने तो जोड काढून वायर कंपनीने दिली होती तशी करून टाकली. थरथर गेली. त्या संध्याकाळी घरी येताना एका दुकानाच्या काचेत मला माझेच लाल दिवे लख्ख दिसले, आणि नवी साडी नेसून आरशासमोरून जावं तसं वाटलं.

३

त्या आठवड्यात माझा सकाळचा पहिला पेशंट म्हणजे एक निवृत्त मास्तर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. खुर्ची खिडकीशी, म्हणजे व्यायामही होतो आणि रस्त्यावर लक्षही राहतं. मी त्यांची टाच जमिनीला टेकवून घेतली होती. पंजा खाली दाबा, धरून ठेवा, सोडा. मास्तर ते करता करता बाहेर बघत होते.

"तुमच्या गाडीत कोणी बसलंय का हो?" ते म्हणाले. "ब्रेक लागलाय."

मी वाकून पाहिलं. गाडी समोर झाडाखाली उभी होती. मागचे दोन्ही दिवे लाल. मी पाहत असतानाच ते विझले. क्षणभराने पुन्हा लागले, आधी अंधूक, मग पूर्ण. थांबले. विझले.

कुठेतरी स्विच अडकत असेल, माझ्या मनात आलं. नवे बल्ब, नवी वायर, काहीतरी राहून गेलं असणार. मी मास्तरांना म्हटलं, चालू द्या तुमचं. आणि ते पंजा दाबू लागले तशी माझी नजर एकदा त्यांच्या पावलावर, एकदा खाली दिव्यावर जाऊ लागली.

दोन्ही एकाच लयीत चाललं होतं. दाबा, धरा, सोडा.

मास्तर दमले, पाणी प्यायला थांबले. दिवा थांबला नाही.

मला जे दिसत होतं ते ओळखीचं होतं, आणि म्हणूनच ते मला बघवेना. बरेच दिवस न वापरलेलं पाऊल असंच दाबलं जातं. सुरुवातीला जोर पुरत नाही, मध्येच कंप सुटतो, मग कसाबसा टप्पा गाठला जातो. अशी पावलं मी रोज हातात धरते.

मी खाली गेले तेव्हा दिवे बंद होते. गाडीला कुलूप होतं. आतल्या सीट रिकाम्या होत्या.

४

करंटने स्विच बदलला. पेडलच्या वरच्या बाजूला एक बोटभर खटका असतो, पेडल दाबलं की तो सुटतो आणि दिवा लागतो, एवढंच ते प्रकरण. जुना खटका झिजला असेल, असं तो म्हणाला. नवा बसवला, पेडल दाबून दाखवलं, सोडून दाखवलं. सगळं ठीक. मग आम्ही दुकानाच्या फळीवर बसलो आणि समोर उभ्या गाडीकडे बघत राहिलो. चावी माझ्या हातात होती.

दिवा लागला.

करंट उठला. त्याने खटक्याची वायर उपसली. दिवा विझला. परत लावली. थोड्या वेळाने दिवा लागला. म्हणजे बिघाड वायरीत नाही, मागे बल्बांतही नाही, असं तो स्वतःशीच पुटपुटला. मग टॉर्च घेऊन गाडीच्या उघड्या दाराशी गुडघ्यांवर बसला आणि डोकं आत घालून पेडलकडे बघत राहिला. मला त्याची पाठ दिसत होती आणि गाडीच्या मागचा लाल उजेड. उजेड आला, गेला, आला, गेला. करंट हलला नाही.

बाहेर आला तेव्हा तो हात पुसत होता, पण हात स्वच्छच होते.

"स्विच चांगला आहे, मॅडम," तो म्हणाला. "स्विचला दोष नाही. पेडल दाबलं जातंय."

मी म्हटलं, स्प्रिंग खराब झाली असेल.

"स्प्रिंग पेडल वर ढकलते. खाली नाही."

नेहमीची बडबड नव्हती. मी त्याला म्हटलं, ती वायर पुन्हा चावीवर घेऊन टाका, पहिल्यासारखी. मला निदान ते दिसायचं तरी थांबेल. यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी काय बोलले ते मलाच कळलं.

"घेतो," तो म्हणाला. "पण ज्यांनी ही वायर पहिल्यांदा तोडली ना, त्यांनी हेच बघून तोडली असणार. त्यांना आधी विचारा."

५

ताईने चहा टाकला होता. भावजी बातम्या बघत होते. मी आडवळण न घेता विचारलं, ब्रेकची वायर का तोडली होती?

भावजींनी टीव्ही बंद केला. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्या एका नजरेने सगळं सांगून टाकलं, बाकीचं नुसतं कानांवर पडायचं राहिलं.

त्यांनी ती गाडी जुनीच विकत घेतलेली. आणल्यावर काही महिन्यांनी पोर्चमध्ये दिवा लागायला लागला. त्यांच्या खोलीच्या पडद्यावर लाल उजेड यायचा आणि जायचा. ताईची झोप उडाली. म्हणून भावजींनी वायर तोडली. तरी ताई रोज सकाळी दूध घ्यायला बाहेर पडली की गाडीच्या दाराला कान लावायची. आत पेडल दबल्याचा बारीक आवाज आला की तिला बरं वाटायचं.

"बरं वाटायचं?" मी विचारलं.

भावजी म्हणाले, "दिवा लागतोय ना अजून? मग घाबरू नकोस. तोवर ते गाडीतच आहे."

ते म्हणजे काय, मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. दिवा लागायचा थांबला तर काय, हेही विचारलं. चहा उतू गेल्याचा वास आला, पण ताई उठली नाही.

"मला का दिलीस?" मी म्हटलं.

ती रडत होती. खोटं रडत नव्हती, मी तिला ओळखते. "इथे पोर आहे गं घरात," ती म्हणाली. "तुझ्या घरी तू एकटीच."

हे तिने इतक्या मायेने म्हटलं, की शब्द कळायला मला वेळ लागला. एखादीला समजावून सांगावं, तुझं ताट लहान आहे म्हणून तुला कमी वाढलं, तसं. माझ्या एकटेपणाचं तिला वर्षानुवर्षं वाईट वाटत होतं. आणि त्याच वर्षांत कधीतरी तो एकटेपणा तिने उपयोगाचा म्हणून बाजूला काढून ठेवला होता.

मी किल्ली टेबलावर ठेवली. म्हटलं, गाडी इथेच सोडून जाते.

तेवढ्यात भाची कॉलेजातून आली. आल्या आल्या तिने किल्ली उचलली आणि बोटात फिरवली. "मावशी, परत आणलीस? मग मला दे ना. मला आता मस्त चालवता येते."

ताईचा हात तोंडावर गेला. भावजी अर्धवट उठले आणि तसेच राहिले. पोरीचं हसरं तोंड माझ्याकडे वळलेलं. तिला पहिलं पाऊल टाकायला मीच शिकवलं होतं, बोट धरून, याच खोलीत. मी नुसतं "घे" म्हटलं असतं तरी पुरे होतं. ते तोंडापर्यंत आलं होतं, हे मी नाकारत नाही.

मी तिच्या हातातून किल्ली काढून घेतली. म्हटलं, फार बिघडलीय गं, भंगारात घालणार आहे. फाटकाशी ताईने माझा दंड धरायला हात पुढे केला. मी दंड मागे घेतला.

६

भंगारवाला सोमवारी येतो म्हणाला. तोवर गाडी माझ्या इमारतीच्या मागच्या आवारात भिंतीकडे पाठ करून उभी राहिली आणि मी पुन्हा बसने फिरू लागले. वायर मी चावीवर करून घेतली नाही. माहीत असलेलं झाकायचं काम आमच्या घरात एकाने केलं होतं, तेवढं पुरे.

माझं स्वयंपाकघर मागच्या आवारावर उघडतं. भाजी चिरताना, भांडी घासताना भिंतीवरचा लाल उजेड दिसायचा. न बघायचं ठरवलं, तरी माझी नजर धंद्याची आहे, ती ऐकत नाही. कंप गेला होता. दाब आता एकसारखा येत होता आणि हवा तेवढा वेळ टिकत होता. एखाद्या पेशंटची अशी प्रगती झाली असती तर मी घरच्यांना सांगितलं असतं, आता उभं करायला हरकत नाही.

रविवारी दुपारी भांडी आवरताना लक्षात आलं, भिंत बराच वेळ पांढरीच आहे.

बॅटरी उतरली असणार. इतके दिवस दिवा लागतोय, बॅटरी किती टिकेल? हे मी मोठ्याने म्हटलं आणि मला ते पटलंही. खात्री करायला खाली गेले. ऊन कडक होतं, आवारात चिटपाखरू नव्हतं. मी चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. ब्रेक दाबला. आरशात मागची भिंत लालभडक झाली. बॅटरी ठणठणीत, दिवे ठणठणीत, खटका ठणठणीत.

इंजिन बंद केल्यावर मग बाकीच्या गोष्टी लक्षात आल्या. मी कुलूप उघडलंच नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. आणि ब्रेक दाबायला मला पुढे सरकावं लागलं होतं, कारण सीट पार मागे गेली होती. ज्याचा गुडघा नीट वाकत नाही त्याला गाडीतून उतरवायचं असलं, की मी सीट अशीच मागे घेते.

मी पळत वर गेले. जिन्यात कोणी नव्हतं. जिन्याखाली, जिथे मीटर आहेत, तिथे मी पाहिलं नाही.

७

दार उघडतच होते तेव्हा फोन वाजला. ताई. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. जेवलीस का, तिने विचारलं. खांदा कसा आहे, विचारलं. मी वाट बघत राहिले.

"दिवा लागतो ना अजून?" ती शेवटी म्हणाली.

"नाही. आज बंद झाला."

तिने काही विचारलं नाही. फोन तोंडापासून दूर धरून ती हलक्या आवाजात कोणाला तरी म्हणाली, "अहो, उतरलं. तिच्याकडेच उतरलं." आणि तिने श्वास सोडला. निकाल आपल्या बाजूने लागल्यावर माणूस सोडतो तसा, लांब, मोकळा.

त्याच वेळी खाली जिन्यात पाऊल वाजलं.

रविवारची दुपार, सगळी इमारत झोपलेली. एक पाऊल पायरीवर पडलं. थोडं थांबून दुसरं त्याच पायरीवर पहिल्याशेजारी आलं. मग पुन्हा पहिलं, वरच्या पायरीवर. ऑपरेशननंतर जिना चढायला आम्ही असंच शिकवतो: चांगला पाय आधी वर, दुखरा मागून आणायचा, कठडा सोडायचा नाही, घाई करायची नाही. कोणीतरी ते चुकूनही न चुकता करत होतं.

मी फोन कानाला तसाच धरून कठड्यावरून खाली वाकले.

खालच्या वळणावर, कठड्यावर एक हात होता. पकड घट्ट, अंगठा बरोबर खालून घेतलेला. आणि कठड्याच्या गजांमधून एक अनवाणी पाऊल दिसलं. आमचा जिना झाडायची बोंब आहे, पायऱ्यांवर कायम धूळ असते. त्या पावलाला धूळ लागली नव्हती. तान्ह्या बाळाचं असावं तसं ते मऊ आणि गुलाबी होतं, अजून कधी जमिनीवर भार न टाकलेलं. फक्त आकाराने मोठ्या माणसाचं. ते उचललं गेलं आणि मला दिसेनासं झालं.

मी आत येऊन दार लावलं, कडी घातली.

"ताई," मी म्हटलं, "जिना चढतंय. ताई, तू ये. भावजींना घेऊन ये."

"दार लावून घे," ती म्हणाली. मग आवाज बदलून, जणू मीच तिच्याशी वाईट वागत होते, "आणि आता काही दिवस फोन करू नकोस गं. इकडे पोर आहे."

फोन बंद झाला.

पावलं माझ्या मजल्यावर आली. शेवटच्या पायरीवर दोन्ही पाय जुळले, आणि मग धाप ऐकू आली. पहिल्यांदाच एवढा जिना चढलेल्या माणसाची धाप, तोंड उघडं ठेवून घेतलेली. ती दाराजवळ आली. पाटी वाचायला थांबावी तशी थोडी थांबली. मग दाराची फळी किंचित करकरली आणि कडी जागेवर हलली. कोणीतरी अंगाचा भार दारावर टाकून टेकलं होतं.

मी ताईचा नंबर पुन्हा लावला. पलीकडे घंटी वाजत होती. ती फोन हातात धरून बसली असणार, स्क्रीनवरचं माझं नाव बघत. दाराबाहेरची धाप हळूहळू उतरत होती. घंटी वाजत राहिली, आणि फोन कोणी घेतला नाही.